पत्र्याखालचा उन्हाळा : सोलापुरात गल्लीचा हवामान गट कसा उभा करावा

एप्रिलमधली दुपार होती, तीन वाजलेले. आमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार मावशींच्या घरात आम्ही तापमापक टांगून बसलो होतो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दहा बाय बाराची एकच खोली. मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पानं वाळून तुटू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. पंखा फिरत होता, पण तो पत्र्याखालची गरम हवाच खाली लोटत होता. मधूनच पत्रा तापून कडकन वाजायचा. मोबाइलवर सोलापूरचं तापमान ४२ अंश दिसत होतं, खोलीतला आकडा ४५ वर गेला. रात्री नऊला परत गेलो तेव्हा बाहेर वारा सुटला होता आणि आत अजून ३८ होते. मावशी म्हणाल्या, "दिवसाचं काय नाही, काम चालू असतंय. रातीला भिंत भाजती, झोप लागंना."

त्या दिवशी कागदोपत्री उष्णतेची लाट नव्हती. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं, किंवा थेट ४५ ला टेकायला हवं. तेव्हा लाट म्हणतात. सोलापुरात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास आहे. त्यामुळे ४२-४३ अंशांत आपण होरपळतो, तरी ती नेहमीचीच गरमी ठरते. पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तर कुठल्याच वेधशाळेत नोंदलं जात नाही. ते नोंदायचं काम गल्लीलाच करावं लागतं, आणि हवामान बदलावर काम करू पाहणाऱ्या स्थानिक गटानं सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत झालंय.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा एका अंशाहून जास्त वाढलंय. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते पडतं तेव्हा धो धो पडतं. ऑक्टोबर २०२० मधला पाऊस आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला पूर तर आठवायचीही गरज नाही, माढा-मोहोळकडच्या शेतांतून माती खरवडून गेली ती अजून भरून आलेली नाही. अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जाणारा जिल्हा आता एकाच वर्षात टँकरही बघतो आणि बोटीही. गल्लीतल्या दहा माणसांनी पृथ्वीचं तापमान खाली येणार नाही, हे मान्य. पण पत्र्याखालचं तापमान खाली येतं, आणि ते आम्ही मोजून बघितलंय.

पहिली पायरी : गड्डा संपला की बसा

बहुतेक गट ५ जूनला, पर्यावरण दिनी सुरू होतात. सोलापुरासाठी ही तारीख चुकीची आहे. तोपर्यंत उन्हाळा आपलं सगळं करून गेलेला असतो आणि हातात रोप घेऊन फोटो काढण्यापलीकडे काही उरत नाही. आपलं वर्ष संक्रांतीनंतर सुरू होतं. सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज परत गेले, गड्ड्यावरचे, म्हणजे यात्रेच्या जत्रेतले, पाळणे उतरले की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिली बैठक घ्या. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढायला लागतं. तोवर तुमच्याकडे जेमतेम महिना असतो.

नवी संस्था काढू नका. गल्लीत आधीच माणसं बांधलेली असतात: उत्सव मंडळ, महिला बचत गट, भजनी मंडळ, गणपतीत लेझीम खेळणारी पोरं. त्यांतल्या सात ते दहा जणांना बोलवा. निम्म्याहून जास्त बायका असाव्यात, आणि याला कारण आहे. दुपारी बारा ते चार त्या पत्र्याखाली घरात असतात, पाणी त्या भरतात, शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी दोन दिवस दार उघडलं नाही हे त्यांनाच आधी कळतं. नुसत्या पुरुषांचा गट चौकात फलक लावतो आणि घरात काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो.

बैठकीची वेळ ठरवताना नळाचं वेळापत्रक बघा. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बैठक ठेवलीत तर कुणी येणार नाही, आणि येऊही नये. पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत असाल तर बोलणं मराठीबरोबर तेलुगूतूनही व्हायला हवं, काही पेठांत कन्नड आणि उर्दू लागते. आमच्या पहिल्या दोन बैठकांत पद्मशाली घरांतल्या बायका मान डोलावत बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी एका मुलीनं सगळं तेलुगूतून सांगितलं, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं होतं. मागाच्या शेडमध्ये दुपारी कोण चक्कर येऊन पडलं, कुणाची पाळी रात्रीची करून घेतली, सगळं.

पहिल्या बैठकीत 'हवामान बदल' या शब्दावर भाषण नको. एकच प्रश्न विचारा: गेल्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीत कुणाला काय त्रास झाला? उत्तरं लिहून घ्या. कामाची यादी त्यातूनच निघते.

दुसरी पायरी : वही आणि तापमापक

भिंतीवर लावायचे, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे साधे डिजिटल मापक काही शे रुपयांत मिळतात. तीन-चार घ्या. आधी सगळे एकाच टेबलावर तासभर शेजारी ठेवा आणि आकडे ताडून बघा. एखादा दीड अंश जास्त दाखवत असेल तर त्याच्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

मग घरं निवडा: एक पत्र्याचं, एक स्लॅबचं, एखादं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, सापडलं तर फारच उत्तम. मापक जमिनीपासून पाच फुटांवर, भिंतीला न चिकटवता, पंख्याच्या झोतात येणार नाही आणि चुलीजवळ नसेल असा टांगा. दिवसातून तीनदा नोंद: सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री नऊ. मोबाइलवरचा शहराचा आकडाही शेजारी लिहा. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. ती वेळ चुकवत नाहीत आणि मोठ्यांनाही चुकवू देत नाहीत.

सगळ्यांचं लक्ष दुपारच्या आकड्याकडे जातं, पण मला रात्रीचा जास्त महत्त्वाचा वाटतो. शरीर दिवसाचा ताप रात्री उतरवतं. सलग चार-पाच रात्री घर थंड झालंच नाही तर म्हातारी माणसं, बाळंतिणी, रक्तदाबाचे रुग्ण यांची तब्येत ढासळते, आणि घरातले म्हणतात उन्हात गेलेच नव्हते. वहीत रात्रीचा रकाना जाड रेघेनं आखा.

तिसरी पायरी : छत

या एका कामावर पहिल्या वर्षीची निम्मी शक्ती खर्च करा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत छतं पांढरी झाली पाहिजेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, काळपट स्लॅब आणि गंजका पत्रा ते पिऊन घेतात. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांत हजारो छतं चुन्यानं रंगवली गेली. घरात साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. आमच्या नोंदीत दुपारी तीनचा फरक बहुतेक दिवशी तीन अंशांच्या आसपास राहिला.

स्लॅबसाठी चुना पुरतो. कळीचा चुना आदल्या संध्याकाळी लोखंडी पिंपात भिजत घाला. चुना पाण्यात पडला की उकळतो, वाफ येते, शिंतोडे उडतात. मुलांना लांब ठेवा, पातळ प्लास्टिकची बादली वापरू नका, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. सकाळी काठीनं ढवळून जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. खडे राहिले तर कुंचला अडतो आणि थर सोलून निघतो. त्यात भिजवलेला डिंक किंवा थोडा फेव्हिकॉल आणि मूठभर मीठ घाला. दाटपणा घट्ट ताकाइतका. तेवढ्यात गच्ची झाडून, धुऊन, शेवाळ ब्रशनं घासून घ्या आणि हलकी ओली असतानाच पहिला हात मारा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी आडवा. काम सकाळी दहाच्या आत उरका. कडक उन्हात चुना वाळताना भुकटी होतो आणि पहिल्या वाऱ्याला उडतो.

पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही. आम्ही पहिल्या वर्षी पत्र्यालाही चुनाच मारला. मेमधल्या पहिल्याच वळवात तो पन्हाळीतून वाहून गेला आणि दारात पांढरं तळं साचलं. पत्र्यासाठी ऊन परतवणारा पांढरा बाहेरचा रंग घ्यावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून आठ-दहा घरांचा एकदम घ्या, घाऊक भाव मिळतो. आधी गंज पॉलिश पेपरनं घासा, वर प्रायमर, मग रंगाचे दोन हात.

सिमेंटचा पत्रा असेल तर तो अजिबात घासू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. नुसतं पाणी मारून रंग लावा. आणि पत्र्यावर थेट पाय ठेवून चढायचं नाही, कितीही घाई असली तरी. खालच्या पाइपांवर किंवा वाशांवर टेकेल अशी जाड फळी टाका, तिच्यावरून काम करा आणि कमरेला दोर बांधा. पत्र्यातून खाली पडून माणूस गेला तर त्या गल्लीत तुमचा गट पुन्हा उभा राहत नाही, आणि राहू नयेच.

रंगाला पैसे नसतील तर मंडपवाल्यांकडची हिरवी जाळी पत्र्याच्या फूटभर वर ताणून बांधा. मधून वारा खेळला पाहिजे. जाळी पत्र्याला चिकटली की उपयोग संपला. समोरासमोरच्या भिंतींत पत्र्याच्या लगत दोन विटा काढून झरोके केले तर वर अडकलेली गरम हवा बाहेर पडते. माळवदाच्या जुन्या घरांत जाड मातीचं छत आणि वरचा झरोका हेच काम करत होते. आपल्या आज्या अशा घरांत दुपारी निवांत झोपत होत्या.

रंगवलेलं एक घर आणि शेजारचं न रंगवलेलं तसंच घर, दोन्हीकडे मापक ठेवा. पुढच्या वर्षी कुणाला पटवून सांगायची गरज पडणार नाही, शेजारीण स्वतः चुना भिजवून ठेवेल.

चौथी पायरी : उन्हाची यादी

मार्चअखेर घरोघर जाऊन यादी करा. एकटी राहणारी म्हातारी माणसं, गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, अंथरुणाला खिळलेले, बांधकामावर किंवा हमालीला जाणारे. प्रत्येक नावापुढे गटातल्या एकाचं नाव आणि फोन. एप्रिल-मेमध्ये त्या माणसानं दुपारी एकदा दारात जाऊन हाक मारायची. याला दहा मिनिटं लागतात.

पाणपोईला माठ, वाळ्याची जुडी आणि लांब दांड्याचं ओगराळं एवढं पुरे, पण माठ रोज घासणारं कोण ते नावानिशी ठरवा. मीठ-साखरेचं पाणी सगळ्यांना यायला हवं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलांना अपाय होतो, म्हणून 'अंदाजे' नको.

उष्माघात ओळखायची खूण म्हणजे माणूस असंबद्ध बोलायला लागतो, अंग तव्यासारखं तापतं, कधी घाम येणंच थांबतं. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडत वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे पहिल्या बैठकीत नुसतं वाचून दाखवलं तर विसरलं जातं. एकदा कुणालातरी खाटेवर झोपवून करून बघा.

पाचवी पायरी : पाणी

सोलापूरला पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास लांबून, उजनीतून येतं. ते आणायला, उपसायला, शुद्ध करायला वीज लागते. म्हणजे गल्लीत वाया गेलेली बादली ही पाण्याची नासाडी आहेच, कोळशाचीही आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी दोघांनी गल्लीतून फिरून तोटी नसलेले नळ आणि गळके जोड मोजा. गळणाऱ्या जोडाखाली तासभर बादली ठेवा आणि किती भरली ते लिहा. आकड्यासकट, फोटोसकट तक्रार दिली की पाणीपुरवठा विभागातला माणूस निदान येऊन बघतो.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपण ५०० धरू आणि वीस टक्के वाया गेलं समजू. तरी ३७ हजार लिटर होतात. पाच माणसांच्या घराला रोज ५०० लिटर धरले तर सत्तरहून जास्त दिवसांचं पाणी आपल्याच गच्चीवरून गटारात जातं.

ते अडवायला जूनच्या आधी दोन कामं करावी लागतात. गच्चीचे पाइप एकत्र आणून टाकीला जोडा, आणि पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाहेर सोडायला मधे एक वेगळी तोटी ठेवा. उरलेलं पाणी बोअरच्या शेजारी खड्डा घेऊन मुरवा. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. गच्चीचं पाणी थेट बोअरच्या पाइपात सोडणारे प्लंबर भेटतात, त्यांना नाही म्हणा. एका घराची घाण सगळ्या गल्लीच्या भूजलात जाते. जुन्या वाड्यांतले आड साफ करायचे असतील तर आधी विचारपूस करा, आत हवा कशी आहे ते बघा. बंद आडात विषारी वायू साठतो, आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो. माहितगार माणूस आणि साधनं नसतील तर उतरूच नका.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन तळं खोदलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय, आणि ते तळं आजही शहराच्या मधोमध आहे. कंबर तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव, ही सगळी पाऊस साठवायची ठिकाणं. गटाला कधी एका सकाळी गल्लीबाहेरचं काम हवं असेल तर तळ्याच्या काठचं प्लास्टिक वेचण्यापेक्षा तळ्यात पाणी आणणारा ओढा कुठे बुजलाय ते चालत जाऊन शोधा. ओढा मोकळा नसेल तर काठ कितीही साफ केला तरी तळं भरत नाही.

सहावी पायरी : झाडं, पण थोडी

इथे आमची चूक स्पष्ट सांगतो. पहिल्या जुलैत आम्ही रस्त्याच्या कडेला पन्नास रोपं लावली. पुढच्या मेमध्ये सहा जिवंत होती. खड्डे फूटभराचे, खाली निव्वळ मुरूम, आणि पावसाळा संपल्यावर पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी बाराच लावली आणि त्यांतली अकरा आजही उभी आहेत.

खड्डा मेमध्येच खणून उन्हात तापू द्या: दोन फूट लांब, रुंद आणि खोल. मुरूम बाहेर, गाळाची माती आणि शेणखत आत. रोप कमरेएवढं उंच घ्या. कडुनिंब, चिंच, करंज, बहावा, आपटा, भोकर ही आपल्या पावसात तग धरतात. विजेच्या तारेखाली मोठं होणारं झाड नको, नाहीतर दरवर्षी मेमध्ये ते छाटलं जातं, नेमकी सावली लागते तेव्हाच. बुंध्याशी एक मडकं पुरा, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुती वात घाला. दोन-तीन दिवसांनी मडकं भरलं की पुरतं. मुळाशी पालापाचोळा पसरा. प्रत्येक झाड एका घराच्या नावावर, पुढचे दोन उन्हाळे. तेवढी घरं तयार नसतील तर तेवढी झाडं लावू नका.

आणि उघड्या माळावर झाडं लावायला जाऊ नका. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते गवताळ माळासाठी. माळढोक, काळवीट, लांडगा यांना मोकळं गवत लागतं. तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. शिवाय गवताची मुळंही कार्बन जमिनीत धरून ठेवतात. 'ओसाड' दिसणारी जमीन ओसाड असतेच असं नाही.

सातवी पायरी : वीज आणि ओला कचरा

दोन्ही थोडक्यात. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात, म्हणजे जवळपास १४ किलो कार्बन डायऑक्साइड. फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आपल्या उशाशीच आहे, त्यामुळे कोळशाच्या विजेचा अर्थ आपल्याला वेगळा समजवावा लागत नाही. बचत गटाच्या कर्जातून पंखे बदलणं हा मी बघितलेला सर्वांत सोपा मार्ग. पक्की गच्ची असलेल्यांनी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अर्ज करावा: एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

ओला कचरा डेपोत सडला की मिथेन निघतो, हवा तापवणारा वायू. गल्लीत दोन विटांचे हौद बांधा, एक भरेपर्यंत दुसरा मुरू द्या. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा पडला पाहिजे. वास येत असेल तर कोरडं कमी पडतंय. खत झाडांच्या खड्ड्यात जातं.

आठवी पायरी : कागद

आपल्या हाताने होणारी कामं एका टप्प्यावर संपतात. पुढची कामं महापालिकेची असतात: सार्वजनिक पाणपोया, अंगणवाडीचं छत, नाल्याची सफाई. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, म्हणून मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच झोन ऑफिसात आणि नगरसेवकाकडे पोचायला हवी. मेमध्ये घाम पुसत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फाइलीत जातं.

निवेदन एका पानाचं. एकच मागणी, जागा नेमकी, सोबत वहीतला तक्ता. 'अंगणवाडीत उकडतं' याऐवजी 'अमुक अंगणवाडीत एप्रिलचे एकवीस दिवस दुपारी ४३ च्या वर तापमान होतं' असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मला एका कार्यालयात तीनदा सांगितलं गेलं की तुमचा अर्ज आलेलाच नाही. चौथ्या वेळी शिक्क्याची प्रत पुढे ठेवली आणि फाइल त्याच दिवशी सापडली.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे, न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' असं मागा. झाड तोडण्याची नोटीस कुठे लागली असेल तर हरकतीला फार थोडे दिवस असतात, त्याच आठवड्यात लेखी द्या.

नववी पायरी : पैसे

पहिल्या वर्षी वर्गणी, जुन्या वस्तू आणि श्रमदान यांवर भागवा. रोख कुणाच्याही खिशात राहू नये. बचत गटाच्या खात्यातून व्यवहार, दोन सह्या, आणि दर महिन्याच्या बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचायचा, पाच रुपयांच्या कुंचल्यासकट. मोठा देणगीदार दारात आला की घाई करू नका. फलकावर नाव आणि एका दिवसात हजार रोपं, ही अट असेल तर नको म्हणा. आम्ही एकदा म्हटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन वर्षं काम टिकलं, तर नोंदणीचा विचार करा. निदान सात सदस्य, घटना, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज आणि त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण. हे ओझं आहे, ते पेलणारा एक माणूस आधी शोधा.

दहावी पायरी : गावाकडचं आणि पुराचं

शहरातल्या बहुतेकांचं एक पाऊल गावात असतंच. तिथे दार ग्रामसभेचं आहे: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं २०१९ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक घेतला तो माथा ते पायथा या क्रमानं काम करून: आधी डोंगरउतारावर चर, मग बांध, शेवटी नाला. बरीच गावं थेट नाला खोल करायला जेसीबी लावतात आणि दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. पाणी अडलं तरी पिकाचा प्रश्न राहतोच. पाचशे मिलिमीटरच्या जिल्ह्यात उसाला मोकाट पाणी देणं परवडणारं नाही. कारखाना, कर्ज, हमी भाव यांत शेतकरी अडकलेला आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याला दोष न देता निदान ठिबक आणि अर्ध्या एकरावर मालदांडी ज्वारी एवढं ग्रामसभेत बोलायला सुरुवात करा.

पुरासाठी उन्हाची यादीच पुन्हा कामी येते. कुणाला आधी हलवायचं ते तीत लिहिलेलंच असतं. ऑगस्टमध्ये तिच्यावर दोन गोष्टी वाढवा: कुणाचं घर नाल्याच्या काठावर आहे, आणि रात्री अपरात्री कुठल्या शाळेची किल्ली कुणाकडे असते. रेशन कार्ड, आधार, सात-बारा यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवायला प्रत्येक घराला सांगा. पंचनाम्याच्या वेळी कागद भिजलेला माणूस रांगेत शेवटी जातो.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी, हुरडा-शेंगा घेऊन, सगळ्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायची. कुठल्या घरात रात्रीचा आकडा उतरला, कुठे नाही, कोणतं झाड गेलं, कोणत्या अर्जाला उत्तर आलं. त्यातूनच पुढच्या वर्षीची दहा छतं ठरवा. आमच्या यादीत यंदा पहिलं घर मागच्या गल्लीतलं आहे. तिथे एक आजी आणि सात महिन्यांचा नातू दुपारभर पत्र्याखाली असतात, आणि चुना-रंगाचे पैसे मावशींच्या बचत गटानं आधीच बाजूला काढून ठेवलेत.